नऊ बावन्नची भरती

टाइमकीपरांच्या मुलीचा फोन आला तो गुरुवार होता. मी इस्त्रीचे कपडे कपाटात लावत होते.

"काकू, रविवारी बाबा तुमच्याबरोबर समुद्रावर पक्षी बघायला येणार आहेत ना?" तिनं विचारलं. दर वर्षी मार्चमधला एक रविवार आमचा समुद्रावर जातो, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा खरा प्रश्न पुढेच असणार, हे मला कळलं.

"मग या वेळी तुम्ही पक्षी जरा कमी बघा," ती म्हणाली, "आणि बाबांना जास्त बघा."

मागच्या महिन्यात टाइमकीपर स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावर न थांबता तिसऱ्यावर गेले होते. किल्ली लागेना, म्हणून त्यांनी बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईंना विचारलं, तुम्ही माझ्या घरात काय करताय. बाईंनी ही गोष्ट मुलीला कळवली. टाइमकीपरांचं म्हणणं, जिन्यातला दिवा गेला होता. मुलगी सात तासांवरच्या गावी राहते. तिनं घरातली एक खोली त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. इथल्या घराला भाडेकरूही मिळाला होता आणि त्याला सोमवारी उत्तर हवं होतं.

"बाबा यायला तयार नाहीत. मी ओढून आणलं आणि ते ठणठणीत निघाले, तर मला जन्मभर टोचेल. तिथेच ठेवलं आणि काही बरंवाईट झालं, तर त्याहून जास्त. तुम्ही रोज डायरी लिहिता काकू. तुमचं लिहिलेलं मी मानेन. डोळ्यांत तेल घालून बघा आणि सांगा, एकटे राहू शकतात की नाही."

मी हो म्हणाले. त्यांच्या घरातली खुर्ची न् खुर्ची मला ठाऊक आहे. त्या खुर्च्यांवर यापुढे ते बसणार की भाडेकरू, हे आता मी ठरवायचं होतं.

टाइमकीपर म्हणजे शहर बसच्या डेपोतले. चौतीस वर्षं ते फाटकाजवळच्या काचेच्या केबिनमध्ये बसले. बस सुटली की वेळ लिहायची, परत आली की वेळ लिहायची, ड्रायव्हरच्या कागदावर शिक्का मारायचा. चार मिनिटं उशीर झाला तर 'उशीर चार' असं लिहायचं, मग ड्रायव्हर मेव्हणा का असेना. एकदा मेव्हणाच होता. बायकोनं दोन दिवस अबोला धरला, पण नोंद तशीच राहिली. त्यांच्या बोलण्यात 'सव्वासात' किंवा 'आठच्या सुमारास' असं कधी येत नाही. सात सोळा. सात अठ्ठावन्न.

आमची ओळख भांडणातून झाली. आमचे हे गणिताचे शिक्षक. सात दहाची बस रोज चार मिनिटं आधीच निघून जाते, असं यांनी डेपोला लेखी कळवलं. रविवारी सकाळी एक सडपातळ माणूस जाडजूड वही काखेत मारून दारात उभा. "मास्तर, तुमची तक्रार पोचली. मी नोंदी घेऊन आलोय. पण आधी तुमचं घड्याळ दाखवा." घड्याळ चार मिनिटं मागे होतं. यांनी ते मनगटावरून काढून टेबलावर उपडं ठेवलं आणि विचारलं, "चहा घेणार?" चहा पिताना पाहुण्यांची नजर खुंटीवरच्या दुर्बिणीकडे गेली. पुढच्या रविवारी ते आमच्याबरोबर तळ्यावर होते. याला एकोणतीस वर्षं झाली, डायरीत आहे. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेही डायरीत आहे. टाइमकीपर मला तेव्हापासून आजपर्यंत वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भाऊजी.

समुद्रावरचे पक्षी बघायचे तर सगळं भरतीवर असतं. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी त्याच्या पार टोकाला जाऊन चरतात. दुर्बिणीतूनही मोहरीएवढे दिसतात. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच त्यांना ढकलत ढकलत किनाऱ्याशी आणतं. म्हणून भरतीच्या दोन तास आधी पोचायचं. हे वेळापत्रक आखण्याचं काम अर्थात टाइमकीपरांचं. वहीचा अर्धा कागद, प्रत्येकाला एक. या वेळी त्यावर होतं: निघणे ५:४०. चहा ७:०५. किनारा ८:००. पूर्ण भरती ९:५२.

दुसरा नियम यांनी घालून दिलेला. दोघांनी पाहिल्याशिवाय पक्षी यादीत जात नाही. एकट्यानं पाहिलेला पक्षी ज्याचा त्याच्यापाशी.

रविवारी पाच चाळीसला दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर आमच्यात सगळ्यांत तरुण, अठ्ठावन्न वर्षांचे. पुढे त्यांच्या शेजारी मेट्रन बसल्या होत्या. मेट्रन हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून गाडीत बसताच सगळ्यांना काचा वर करायला लावतात. मागे मी आणि टाइमकीपर. माझ्या पर्समध्ये छोटी वही होती. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदरनी लावलेली सवय अशी, की आधी तारीख, मग हवा, मग जे घडलं ते शाईनं. आणि आपलं मत पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतं. मी शाईचं पेन तेवढं घेतलं होतं. पेन्सिल मुद्दाम घरी ठेवली.

सात पाचला चहाचं दुकान आलं. टाइमकीपर उतरले आणि पाच कप चहा घेऊन आले. आम्ही चौघं होतो.

पाचवा कप यांचा असणार, असं मला वाटलं. मी गाडीच्या आड जाऊन लिहिलं: ७:०९. पाच कप. परत आले तर मेट्रन दुसरा कप तोंडाला लावत होत्या.

"तुला दोन लागतात?" मी विचारलं.

"गेली दहा वर्षं लागतात. तू माझ्याबरोबर येतेस की दुसऱ्या कुणाबरोबर?"

मी ती ओळ खोडली. शाईची ओळ खोडायची पाळी माझ्यावर फार वेळा आलेली नाही.

आठ पाचला किनाऱ्यावर उतरलो तर समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण क्षितिजाशी एक चकाकती रेघ होऊन. मधे नुसता काळपट चिखल, त्यात कलंडलेल्या दोन होड्या, आणि लांब, फार लांब, हलणारे ठिपके. पाणी चढत नव्हतं. वाळूवरच्या ओल्या रेषा सांगत होत्या, की ते अजून उतरतंय.

"आपण म्हणजे वरातीमागून घोडं," मेट्रन म्हणाल्या. "समुद्र निघून गेला, आपण आता आलो."

डॉक्टर खिशातला कागद काढून बघू लागले. "काका, नऊ बावन्नला भरती ना?"

टाइमकीपरांनी आपला कागद काढला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे, आणि त्याची चौपदरी घडी करून वरच्या खिशात ठेवली.

"माझी चूक," ते म्हणाले.

एकोणतीस वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी वळून लिहिलं: ८:११. भरतीची वेळ साफ चुकले. कबूल केलं. लिहिताना आपण दाराच्या फटीतून बघतोय असं वाटत होतं.

"निघायचं का परत?" डॉक्टर म्हणाले.

"थांबा. आलोय तर भरती बघूनच जाऊ," टाइमकीपर म्हणाले. "भरतीच्या वेळांची पुस्तिका कुणी आणली नाहीये. मी वेळ काढतो."

त्यांनी पडक्या कुंपणाची एक काठी उपसली, चिखलात थोडं पुढे जाऊन पाण्याच्या एका ओघळाच्या काठाशी ती रोवली आणि धक्क्याच्या पायरीवर घड्याळ घेऊन बसले. दर पंधरा मिनिटांनी उठायचे, ओघळ किती सरकला ते पावलांनी मोजायचे, कागदाच्या पाठीवर लिहायचे. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसले. ते काठीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

हे तर डोकं जागेवर असलेल्या माणसाचं काम. मी तसं लिहिलं.

अकराच्या पुढे मी डबा उघडण्यात गुंतले आणि मान वर केली तर पायरी रिकामी. ते धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला दिसले. तिथे होडीच्या तिकिटांची जुनी खिडकी आहे, कित्येक वर्षं बंद. तिच्यासमोर ते उभे होते, हात मागे बांधून, कुणीतरी खिडकी उघडेल अशा अपेक्षेनं. मी मोजलं, आठ मिनिटं उभे होते. शेवटी मी गेले.

"भाऊजी, इथे काय?"

ते वळले. चेहऱ्यावर मला ओळखायला क्षणभर लागल्यासारखं वाटलं. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, त्यामुळेही असेल.

"कशाला आलो तेच आठवेना वहिनी. म्हटलं उभं राहावं, आठवेल."

"आठवलं?"

"नाही. तुमचं नाही होत असं?"

होतं. परवाच स्वयंपाकघरात फ्रिज उघडून किती वेळ उभी होते. पण ते मी त्यांना बोलले नाही, आणि वहीतही लिहिलं नाही. त्यांचं लिहिलं.

जेवणानंतर डॉक्टर गाडीत आडवे झाले आणि टाइमकीपर पुन्हा काठीपाशी गेले. मी मेट्रनना जरा आडूनच विचारलं, "तुला भाऊजींत काही बदल वाटतो?"

"वाटतो ना. केस गेले."

"तसं नाही गं."

"कसं मग? सकाळपासून तू एकही पक्षी लिहिलेला नाहीस. माणूसच लिहितेयस. कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. मेट्रननी अंडं सोलून कवच नीट कागदात गुंडाळलं.

"आमच्या वॉर्डात म्हातारी माणसं यायची. त्यांना विचारायचं, आज वार कोणता. एका आजोबांनी मला उलट विचारलं, बाई, तुम्हीच सांगा. आणि मला सांगता येईना. सलग चार दिवस ड्यूटी झाली होती माझी. त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि म्हणाले, घरी जा."

"म्हणजे त्यांचं डोकं ठीक होतं?"

"छे. त्यांना स्वतःची बायको ओळखू येत नव्हती. वार तेवढा बरोबर यायचा."

याचा अर्थ काय घ्यायचा ते मी विचारलं, तर मेट्रन म्हणाल्या की अर्थ असता तर त्यांनी तो आधीच सांगितला असता.

दोन वाजता टाइमकीपरांनी जाहीर केलं, "तीन अडतीस. दोन मिनिटं इकडे किंवा तिकडे."

अडीचच्या पुढे चिखल आकसायला लागला. आधी कलंडलेल्या होड्या सरळ झाल्या. मग ते मोहरीचे दाणे उडाले, एकदम वळले, पांढरे झाले, पुन्हा काळे झाले आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर येऊन उतरले. तुतवार, शेकाट्या, लाल चोचीचे कालवफोडे आणि असंख्य चिखल्या. मार्चमध्ये चिखल्यांचा पेहराव बदलत असतो. उत्तरेला परत जायच्या आधी पांढुरक्या पोटावर काळा रंग चढतो, पण सगळ्यांचा एकदम नाही. कुणी अर्धा काळा, कुणी ठिपक्याठिपक्यांचा, कुणी नुसता मळल्यासारखा. डॉक्टरांनी एकाच पक्ष्याला तीन वेगवेगळी नावं दिली. मीही एकदा दिलं. टाइमकीपर शांतपणे म्हणाले, "पोटाकडे बघू नका. उडाला की काखेत बघा. काख काळी म्हणजे करडा चिखल्या. ती बदलत नाही." तो उडाला. काख काळी होती.

पाणी पायरीला टेकून थांबलं तेव्हा माझ्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

परतीच्या वाटेवर गाडीत नेहमीप्रमाणे यादी वाचली. मी नाव घ्यायचं, ज्यांनी पाहिला त्यांनी हो म्हणायचं. सव्वीस पक्षी झाले.

"कालवफोडे किती?"

"सतरा," डॉक्टर म्हणाले.

"एकोणीस," टाइमकीपर म्हणाले. "आणि एक कोरल होता. वाकड्या चोचीचा, बंद खिडकीच्या मागे, दगडांवर. पण तो लिहू नका. मी एकट्यानं पाहिला."

मी पेन थांबवलं. बंद खिडकीपाशी ते आठ मिनिटं पक्षी बघत होते? मग 'कशाला आलो आठवेना' का म्हणाले? की कोरल आत्ता, गाडीत, सुचला? त्यांच्याकडे बघितलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

साडेसहाला त्यांच्या इमारतीपाशी थांबलो. ते उतरले, दुर्बीण गळ्यात नीट केली आणि डावीकडच्या जिन्याकडे निघाले. त्यांचा जिना उजवीकडचा.

"अहो, तिकडे कुठे?" मेट्रननी काच खाली करून विचारलं.

"टपालाच्या पेट्या इकडे आहेत," ते मागे न बघता म्हणाले.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि डॉक्टरांना पुढे जावं लागलं. त्या इमारतीत मी शंभर वेळा गेले असेन. टपालाच्या पेट्या कुठे आहेत, ते मात्र मला आठवेना.

घरी येऊन हातपाय धुतले आणि मोठी डायरी काढली. रविवारचं पान लिहायच्या आधी आठवडा वाचून काढायची माझी रीत आहे. मंगळवारी, नळवाला येऊन वॉशर बदलून गेल्याच्या नोंदीखाली, माझ्याच अक्षरात, शाईनं होतं:

भाऊजींचा फोन. पुस्तिकेतलं अक्षर बारीक म्हणून भरतीची वेळ मला विचारली. ९:५२ सांगितली.

मी तीनदा वाचलं. नळवाला आठवत होता. त्यानं चप्पल बाहेर काढली नव्हती, तेही आठवत होतं. फोन आठवत नव्हता. आजही नाही.

बंदर कार्यालयाची भरतीची पुस्तिका ड्रॉवरमधून काढली. तिच्यात रविवार लाल अक्षरात छापलेले असतात. या रविवारची लाल ओळ म्हणत होती, दुपारी तीन एकेचाळीस. त्याच्या सात ओळी खाली पुढचा रविवार, तोही लाल: सकाळी नऊ बावन्न. मी एक लाल ओळ चुकले होते.

आता सकाळचा तो किनारा मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणला. कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, माझी चूक. त्यांना आठवत होतं आणि त्यांनी चारचौघांत मला झाकलं? म्हणजे त्यांचं डोकं माझ्याहून शाबूत. की त्यांनाही काहीच आठवत नव्हतं, आणि कागदावर स्वतःचं अक्षर दिसलं म्हणून चूकही आपलीच असं धरून चालले? बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसलं असतं. आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी गेले होते, शाईचं पेन घेऊन.

साडेआठला फोन वाजला.

"काकू, काय दिसलं?"

मी वही उघडून वाचून दाखवलं. काठीचं, खिडकीचं, कोरलचं, जिन्याचं. मग मंगळवारची ओळही वाचली आणि ती मला आठवत नाही, हेही सांगितलं.

"मग मी काय समजू?" ती म्हणाली.

"मला नाही कळलं गं."

"एक काहीतरी सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

"वाटण्यासाठी पेन्सिल लागते. ती मी नेली नव्हती."

"काकू, मला उद्या उत्तर द्यायचंय हो." मला स्वतःची लाज वाटली. विनोदाची वेळ नव्हती.

"ऐक," मी म्हणाले. "तुझ्या काकांनी नियम घालून दिलाय, दोघांनी बघितल्याशिवाय यादीत जात नाही. बघणारी मी एकटीच होते, आणि माझी नजर आज मलाच भरवशाची वाटत नाही. भाडेकरूला नाही म्हण. तू ये. आठ दिवस रहा, पुढच्या रविवारी आमच्याबरोबर चल. आणि आल्या आल्या आधी त्या टपालाच्या पेट्या कुठे आहेत ते बघ."

"पेट्या डावीकडच्या जिन्याखालीच आहेत," ती म्हणाली. मग थांबून, "निदान आधी तरी होत्या. मध्ये इमारत रंगवली तेव्हा हलवल्या की काय, मला माहीत नाही."

ती येते म्हणाली. भाडेकरूला नाही म्हणायला तिला जड गेलं, ते मला ऐकू आलं.

सोमवारी सकाळी नऊ दोनला टाइमकीपरांचा फोन.

"वहिनी, मुलगी येतेय शुक्रवारी. एकदम कसं सुचलं कुणास ठाऊक. तिला समुद्रावर न्यायचंय. भरतीची वेळ सांगा. पुस्तिकेचं अक्षर फार बारीक आहे."

मी ड्रॉवरमधून पुस्तिका काढली.

"या वेळी ओळीखाली पट्टी ठेवा," ते म्हणाले. "आणि दोनदा वाचा. मीही दोनदा लिहितो."

मी पट्टी घेतली. "भाऊजी, तुम्हाला आठवत होतं?"

"काय?"

त्या 'काय'मध्ये काही आहे का, म्हणून मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. मागे त्यांचं भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. मी लाल ओळीखाली पट्टी ठेवली.

"नऊ बावन्न," मी म्हणाले. "नऊ बावन्न."

"ही तर मागचीच."

"तीच ती. तेव्हा आपण आठ दिवस आधी पोचलो होतो."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला, थांबला, आणि पुन्हा एकदा आला.